पाच उरले, तरी एक खालचा हवाच!

जग संपल्यानंतर काय होईल, या कल्पनेवर सिनेमावाल्यांनी गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे आपले दुकान चालविले आहे. अणुबॉम्ब पडतो, रोगाची साथ येते, मेलेली माणसे उठून चालू लागतात, शहरे ओस पडतात आणि मागे चार-पाच माणसे उरतात. आमच्या चळवळीतल्या अनेकांना असले चित्रपट म्हणजे पोट भरलेल्यांची करमणूक वाटते. ज्याला संध्याकाळच्या भाकरीची चिंता आहे त्याने जगबुडीची चिंता कशाला करावी, असा सवाल केला जातो. सवाल रास्त आहे. परंतु आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. या चित्रपटांत एक प्रश्न दडलेला असतो आणि तो आपला प्रश्न आहे. सरकार गेले, कोर्ट गेले, पोलीस ठाणे गेले, बाजार गेला, मग उरलेला माणूस उरलेल्या माणसाशी कसा वागणार? हा प्रश्न ज्यांच्या वाट्याला रोज येतो, त्यांनी या चित्रपटांकडे पाठ फिरवून चालणार नाही.

१९५१ साली अमेरिकेत 'फाइव्ह' नावाचा एक कृष्णधवल चित्रपट निघाला. आर्च ओबोलर हा रेडिओवर भयनाट्ये लिहिणारा लेखक त्याचा निर्माता, लेखक आणि दिग्दर्शक होता. खर्च अवघा ७५ हजार डॉलर. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम म्हणजे चिल्लरच. स्टुडिओ भाड्याने घ्यायला पैसा नाही, म्हणून ओबोलरने कॅलिफोर्नियातल्या डोंगरावरच्या स्वतःच्याच घरात चित्रण केले. प्रसिद्ध नट नाही, मोठा ताफा नाही. अणुयुद्धात सारे जग मेले आणि पाच माणसे उरली, एवढीच कथा. अणुयुद्धानंतर उरलेल्या माणसांवरचा हा अगदी सुरुवातीचा चित्रपट मानला जातो.

ही पाच माणसे वाचली कशी, ते पाहण्यासारखे आहे. रोझॅन ही गरोदर बाई दवाखान्याच्या क्ष-किरण खोलीत होती, त्या खोलीच्या शिशाच्या भिंतींनी तिला वाचविले. मायकेल न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये होता. बार्नस्टेपल हा म्हातारा बँक कर्मचारी आणि चार्ल्स हा त्याच बँकेतला कृष्णवर्णीय नोकर, हे दोघे तिजोरीच्या खोलीत अडकले होते. पाचवा एरिक हा गिर्यारोहक, तो एव्हरेस्टवर होता. म्हणजे वाचण्यात कोणाचाच पराक्रम नाही, कोणाची पुण्याई नाही, कोणाचे रक्तही कामाला आले नाही. ज्याच्या भोवती भिंत होती तो वाचला, इतकेच.

आता खरी मेख पाहा. म्हातारा लवकरच मरतो. उरले चार. पृथ्वीवर चार माणसे. मायकेल आणि चार्ल्स मिळून जमीन खणतात, मका पेरतात. आणि एरिकला कशाचा त्रास होतो? तर आपल्याला चार्ल्सच्या बरोबरीने एका छपराखाली राहावे लागते, याचा! अन्न पुरत नाही, हवा विषारी आहे, उद्या जिवंत राहू की नाही हे माहीत नाही, पण एरिकच्या डोक्यातला गोरेपणा शाबूत आहे. तो उभ्या पिकातून गाडी घालतो. पुढे रात्री चोरून सामान नेताना चार्ल्स आडवा येतो, तेव्हा एरिक त्याला भोसकून ठार करतो. जगात चार माणसे उरली असताना त्यातले एक कमी करण्याइतका हा रोग खोल आहे.

आम्हाला हा चित्रपट महत्त्वाचा वाटतो तो यासाठी. आपल्याकडे नेहमी सांगितले जाते की, जात ही गरिबीमुळे आहे, अज्ञानामुळे आहे, खेड्यामुळे आहे. शिक्षण येईल, कारखाने येतील, संकट येईल तेव्हा जात आपोआप गळून पडेल. ओबोलरच्या चित्रपटात सगळ्या संकटांचे संकट येऊन गेले आहे. गोरेपणाचा फायदा देणारी एकही संस्था शिल्लक नाही. ना मालमत्ता, ना नोकरी, ना मतदान. तरी एरिकला कोणीतरी खालचा हवाच. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये सांगितले होते की, जात ही विटांची भिंत नाही, ती मनाची धारणा आहे. भिंत बॉम्बने पडते. धारणा पडत नाही. ती पाडण्याचे काम वेगळे आहे आणि ते बॉम्ब पडण्याच्या आधीच करावे लागते.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करणे अगत्याचे आहे. एरिकचे काम करणारा नट जेम्स अँडरसन. याच नटाने पुढे १९६२ साली 'टु किल अ मॉकिंगबर्ड' या चित्रपटात बॉब युएल रंगविला. निरपराध कृष्णवर्णीयावर बलात्काराचा खोटा आरोप करणारा आणि सर्व गोऱ्या ज्युरीच्या साक्षीने तो खरा ठरविणारा तो बाप. एकाच नटाचे हे दोन अवतार शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात कायदा नाही, म्हणून तो सुरा वापरतो. दुसऱ्यात कायदा आहे, म्हणून तो कोर्ट वापरतो. आमच्यासारख्या कोर्टात उभे राहणाऱ्यांनी ही गोष्ट विसरता कामा नये. हत्यार बदलते, हात तोच असतो.

आणि ओबोलरलाही आम्ही सरसकट प्रमाणपत्र देणार नाही. त्याचा हेतू चांगला होता. १९५१च्या अमेरिकेत शाळा, बस, हॉटेल सगळीकडे वर्णभेद कायद्याने चालू होता, त्या काळात त्याने पडद्यावर कृष्णवर्णीय माणसाला बरोबरीचे स्थान दिले, ही लहान गोष्ट नाही. पण शेवटी नवे जग उभारायला उरतात ते दोघे गोरेच. चार्ल्स सज्जन आहे, कष्टाळू आहे, सगळ्यांना धीर देणारा आहे आणि म्हणूनच मेला आहे. पुरोगामी कथाकारांची ही जुनी खोड आहे. आपल्याकडच्या कथा-चित्रपटांतही दलित पात्र सोशिक असते, गुणी असते आणि मध्यंतरानंतर मरते. त्याच्या मरणाने नायकाचे मन बदलते. आमचा सवाल असा की, नायकाचे मन बदलण्यासाठी आम्हीच का मरायचे?

हा सवाल कृष्णवर्णीय लेखकांनी फार आधी विचारला होता. डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस या थोर विचारवंताने १९२० साली 'डार्कवॉटर' या पुस्तकात 'द कॉमेट' नावाची कथा छापली. धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडते. बँकेच्या तळघरातल्या तिजोरीत कामाला पाठविलेला जिम हा कृष्णवर्णीय निरोप्या वाचतो. कालपर्यंत ज्या हॉटेलात त्याला कोणी वाढले नसते, तिथे तो मेलेल्यांच्या मधून जाऊन जेवतो. एक श्रीमंत गोरी तरुणी त्याला भेटते. दोघांना वाटते, आता जगात आपण दोघेच. तेव्हा कुठे तिला तो माणूस म्हणून दिसतो. तेवढ्यात तिचा बाप येतो आणि कळते की फक्त न्यूयॉर्क मेले आहे, बाकीचे जग जागच्या जागी आहे. क्षणात सारे पूर्ववत होते. जमावातून जिमला फासावर टांगण्याची भाषा सुरू होते. म्हणजे माणुसकी टिकली ती जग मेले आहे या समजुतीपुरती! एका पूर्ण शहराच्या मरणाची किंमत मोजून मिळालेली समता एका बापाच्या आवाजाने संपते.

याच डुबॉइस यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक असेल. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघापुढे अर्ज ठेवला होता, त्याच्या प्रती त्यांनी मागितल्या होत्या आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य नमूद केले होते. डुबॉइस यांनी ३१ जुलै १९४६ रोजी उत्तर पाठविले. तेव्हा अमेरिकेतल्या या कथा-चित्रपटांचा आपल्याशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना एवढेच सांगावे लागेल की, संबंध बाबासाहेबांनीच जोडून ठेवला आहे.

१९५९ साली 'द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल' हा चित्रपट आला. त्याचा नायक हॅरी बेलाफॉन्टे, गायक आणि नागरी हक्क चळवळीचा कार्यकर्ता. तो पेन्सिल्व्हेनियाच्या कोळसा खाणीत तपासणीला उतरतो, खाण ढासळते आणि तो काही दिवस आत अडकतो. वर किरणोत्सारी धुळीने जग मेलेले असते. खाणीत गाडला गेला म्हणून तो वाचतो. हा प्रसंग बल्लारपूर, लालपेठ, दुर्गापूर, घुग्घूसच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या घरातली माणसे पाळीवर जाताना पिंजऱ्यातून खाली उतरली आणि परत वर येईपर्यंत घरात कोणाचे जेवण झाले नाही, त्यांना खाणीच्या तोंडाशी थांबणे काय असते ते माहीत आहे. फरक इतकाच की पडद्यावर खाणीने एकाला वाचविले. आपल्याकडे खाण आणि वीजकेंद्राची धूळ वर राहणाऱ्यांनाही सोडत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची प्रदूषणानुसार क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन देशात चौथे आले होते. किरणोत्साराची वाट न पाहता आम्ही मान्यवर यादीत जाऊन बसलो.

त्या चित्रपटातही रिकाम्या न्यूयॉर्कमध्ये एक गोरी स्त्री आणि नंतर एक गोरा पुरुष भेटतो. कृष्णवर्णीय नायक आणि गोरी नायिका यांना पडद्यावर जवळ येऊ दिले नाही, तेवढी हिंमत चित्रपट कंपनीची झाली नाही. दोन पुरुष बंदुका घेऊन ओस रस्त्यांवर एकमेकांच्या मागे लागतात. शेवटी नायक संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीसमोर बंदूक टाकून देतो आणि तिघे हात धरून चालू लागतात. शेवट गोड आहे. कदाचित जास्तच गोड आहे. पण बंदूक आधी कोणी टाकली ते ध्यानात ठेवावे. ज्याने आयुष्यभर सोसले त्यानेच.

तिसरा चित्रपट १९६८चा, जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. पिट्सबर्गच्या काही तरुणांनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये एका शेतघरात तो केला. मेलेली माणसे उठून जिवंतांना खाऊ लागली आहेत. एका घरात काही माणसे अडकली आहेत. त्यात बेन हा कृष्णवर्णीय तरुण, ड्वेन जोन्स या नटाने केलेला, सर्वांत शहाणा आणि धीराचा आहे. रात्रभर तो झुंजतो. बाकी सारे मरतात, तो एकटा उरतो. सकाळी शेरीफचे बंदूकधारी लोक येतात. बेन खिडकीतून डोकावतो. ते त्याला प्रेत समजून लांबूनच गोळी घालतात आणि आकड्यांनी ओढत नेऊन जाळतात. राक्षसांनी त्याला मारले नाही. सुव्यवस्था परत आली आणि सुव्यवस्थेने मारले. एनकाउंटर या शब्दाचा अर्थ ज्या जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही माहीत आहे, तिथे या शेवटावर वेगळे भाष्य करण्याची गरज नाही. खिडकीत कोण उभे आहे हे विचारण्याआधी गोळी सुटली, एवढाच तो पंचनामा.

आता मुद्द्यावर येऊ. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी बंधुतेबद्दल जे सांगितले, त्याचा आशय असा की बंधुता नसेल तर स्वातंत्र्य आणि समता सहज घडणाऱ्या गोष्टी राहणार नाहीत, त्या राबवायला शिपाई उभा करावा लागेल. या चित्रपटांची सारी मौज आणि सारे भय या एका वाक्याच्या आशयात आहे. जगबुडीच्या चित्रपटात शिपाई मेलेला असतो. मग समता कोण राबविणार? संविधानाचे कलम १७ अस्पृश्यता नष्ट करते, १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा शिक्षा सांगतो. हे कायदे आमचे रोजचे हत्यार आहेत आणि त्यांचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण प्रत्येक फिर्यादीमागे एक ठाणेदार लागतो, एक तपास अधिकारी लागतो, न फुटणारा साक्षीदार लागतो. ज्या गावात ठाणे चाळीस किलोमीटरवर आहे आणि पावसाळ्यात नाला भरला की रस्ता बंद होतो, त्या गावात वर्षातले काही महिने शिपाई नसतोच. तिथे दरवर्षी छोटी जगबुडी येते. अशा वेळी दलिताचे आणि आदिवासीचे काय होते, हे पाहायला हॉलिवूडला जावे लागत नाही.

या चित्रपटांत आणखी एक गोष्ट हमखास दिसते. ओस जागा. कॅमेरा रिकाम्या रस्त्यावरून, रिकाम्या शहरावरून फिरतो. मग वाचलेली माणसे जंगलात जातात आणि जंगलही रिकामेच असते. जणू ते त्यांच्यासाठीच राखून ठेवले होते. प्रेक्षकाला ही रिकामी जागा सुंदर वाटते. वकील म्हणून आम्हाला तिची भीती वाटते. कारण 'येथे कोणी नाही' हे वाक्य आम्ही पडद्यावर कमी आणि सरकारी कागदावर जास्त वाचले आहे.

महसुली दप्तरात एक शब्द आहे, 'बेचिराख'. ज्या गावात दिवा लागत नाही ते बेचिराख गाव. आमच्या पट्ट्यात त्यालाच रीठ किंवा रिठी गाव म्हणतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या दप्तरात अशी रिठी गावे पानोपान सापडतात. कुठे साथ आली, कुठे दुष्काळ पडला, कुठे मालगुजाराच्या जाचाने लोक उठले, कुठे वाघाच्या भीतीने. नाव उरले, माणसे गेली. एखाद्या जगबुडीपटाच्या लेखकाला सुचणार नाही इतका भेदक शब्द आमच्या तलाठ्याच्या कपाटात पडून आहे. पण गंमत अशी की, दप्तरात बेचिराख असलेल्या शिवारात शेजारच्या गावची माणसे शेती करतात, गुरे चारतात, तेंदू-मोह वेचतात, जुन्या देवाला जातात. दिवा लागत नाही म्हणजे माणूस नाही, असे नव्हे. तरी कागदावर रकाना भरला जातो: 'निरंक'.

२००६चा वनहक्क कायदा या 'निरंक'विरुद्धचा कायदा आहे. वनात राहणाऱ्यांवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या प्रस्तावनेतच कबूल केले आहे. अनुसूचित जमातीच्या दावेदाराने १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा. पण इतर पारंपरिक वननिवासी, म्हणजे आपले बौद्ध, ढिवर, कुंभार, गोवारी अशा जंगलाच्या आधाराने जगणाऱ्या बांधवांनी त्या तारखेपूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य दाखवायचे. ज्यांच्या आजोबाला शाळेत घेतले नाही, त्याच्या नातवाने आजोबाचा कागद आणायचा. आमच्या समोर असे दावेदार बसतात तेव्हा आम्हाला त्या पाच जणांची आठवण होते. वाचलेल्या माणसाला इथे आधी सिद्ध करावे लागते की तो वाचला आहे.

परंतु हताश होण्याचे कारण नाही. कायद्याच्या २००८च्या नियमांतला १३वा नियम वाचावा. त्यात केवळ सरकारी कागद हाच पुरावा नाही. घराचा पाया, विहीर, बांध, स्मशानभूमी, पूजेची जागा हेही पुरावे आहेत. दावेदाराखेरीज गावातल्या वडीलधाऱ्या माणसाचे लेखी घेतलेले निवेदन हाही पुरावा आहे. फुटकी विहीर आणि म्हातारीचे बोलणे यांना कायद्याने पुराव्याचा दर्जा दिला आहे. ज्याला जगबुडीपटात भग्नावशेष म्हणतात, ते आमच्या नस्तीतले निशाणी क्रमांक आहेत. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना वनातून काढण्याचा आदेश दिला आणि २८ फेब्रुवारीला स्वतःच तो स्थगित केला. त्या पंधरा दिवसांत देशातल्या लाखो कुटुंबांनी 'आपले जग संपणार' म्हणजे काय, ते अनुभवले. त्यावर कोणी चित्रपट काढला नाही.

ताडोबाच्या गाभ्यातून बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे उठली. आज तिथल्या गवताळ माळांवर पर्यटकांच्या जिप्सी थांबतात आणि कॅमेरे वाघाची वाट पाहतात. पर्यटकाला वाटते, हे आदिम रान. ते रान नाही, ते गावठाण आहे. लोकांनी पुनर्वसन कोणत्या अटींवर स्वीकारले आणि त्या अटी पाळल्या का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. येथे सांगायचे ते इतकेच की रिकामी जागा ही केलेली असते, सापडलेली नसते.

२०२०च्या टाळेबंदीत ओस रस्त्यांची छायाचित्रे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापली. जगबुडीच्या सिनेमासारखे दृश्य, असे मथळे आले. ३१ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात सांगण्यात आले की, आता रस्त्यावर कोणी चालत नाही. त्याच काळात तेलंगणात मिरची तोडायला गेलेले आमच्या दोन्ही जिल्ह्यांतले मजूर डोक्यावर बोचकी आणि कडेवर पोरे घेऊन नदी ओलांडून, जंगलातल्या पायवाटांनी घराकडे चालत होते. मोठे रस्ते त्यांनी मुद्दाम टाळले होते, कारण तिथे दंडुका होता. कॅमेरा शहरातल्या रिकाम्या चौकात होता. माणसे पायवाटेवर होती. जो कॅमेरा पायवाटेवर जात नाही त्याला जग रिकामेच दिसणार.

आणि ज्याला तुम्ही जगाचा अंत म्हणता, तो येथल्या माडिया-गोंडांनी एकदा नव्हे, अनेकदा पाहिला आहे. चांद्याचे गोंड राज्य बुडाले, भोसले आले, इंग्रज आले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुराव शेडमाके यांना चंद्रपूरला फाशी दिले गेले. १८७८च्या आणि १९२७च्या वनकायद्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या जंगलात माणूस चोर ठरला. तेलंगणाने गोदावरीवर बांधलेल्या मेडीगड्डा बॅरेजचे २०१९ साली उद्घाटन झाले. जुलै २०२२ मध्ये सिरोंचा तालुक्यातली गावे पुराखाली गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच बॅरेजचे खांब खचले. बुडालेली माणसे त्याच चिखलात परत शेतीला लागली. सिनेमातला नायक तीन रिळे खर्च करून जे शिकतो, कोणते कंद खायचे, पाणी कुठे लागते, पेटती आग रात्रभर कशी जपायची, ते भामरागडची बाई कोणाला न सांगता रोज करते.

पण येथे सावध राहिले पाहिजे. आदिवासीच्या जगण्याचे कौतुक करून त्याला तिथेच ठेवण्याचा शहरी धंदा आम्हाला मान्य नाही. तिला कंद ओळखता येतात म्हणून तिच्या गावाला डॉक्टर नको, असे होत नाही. राज्यातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोली वाहते, ते काही वनसौंदर्य नव्हे. तग धरणे हा गुण आहे, पण तग धरायला लावणे हा गुन्हा आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ साली स्वतःच्या बांबूची वाहतूक स्वतःच्या परवान्याने सुरू केली. ते नुसते तगून राहणे नव्हे. ग्रामसभेत सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बसायचे, ही त्यांची रीत. शिपाई नसताना चालणारी व्यवस्था कशी असते, याचा तो एक नमुना आहे. त्यालाही मर्यादा असतील, पण एरिकच्या सुऱ्यापेक्षा तो नमुना नक्कीच बरा.

मराठीतही या प्रकाराला सुरुवात झाली आहे. २६ जानेवारी २०२२ रोजी आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' प्रदर्शित झाला. डोंबिवलीतली टोलेजंग इमारत, शेजारची झोपडपट्टी, मध्ये पाण्याचा प्रश्न आणि मग झोंबी. करमणूक म्हणून तो चालला आणि टॉवर-झोपडपट्टीची भिंत त्याने दाखविली, हे त्याचे श्रेय. पण त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना कोणत्या आडनावांची माणसे राहतात, हा प्रश्न मराठी सिनेमा अजून मोकळेपणाने विचारत नाही. नागराज मंजुळे यांनी २०१३ साली 'फँड्री'त तो विचारला आणि शेवटचा दगड थेट प्रेक्षकांकडे भिरकावला. त्या दगडाची दुसरी फेरी आता आमच्या पोरांनी केली पाहिजे.

होय, आम्ही आमच्या तरुणांनाच सांगत आहोत. पैसा नाही ही सबब चालणार नाही. ओबोलरने स्वतःचे घर वापरले, रोमेरोने शेतघर वापरले. आणि आपल्या झाडीपट्टीला कमी पैशात नाटक उभे करायला कोणी शिकवायचे? दंडारीतून वाढलेली ही रंगभूमी दिवाळीनंतर जागी होते. वडसा येथून नाट्यसंस्था निघतात, गावोगावची मंडळे त्यांना बोलावतात, पडदे लागतात आणि हजारो माणसे थंडीत घोंगड्या पांघरून पहाटेपर्यंत बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा मुंबई-पुण्याला या रंगभूमीचा पत्ता लागला. आमच्या लोकांना तो आधीपासून माहीत होता. ज्या पट्ट्यात तिकीट काढून रात्रभर नाटक पाहणारा प्रेक्षक आहे आणि प्रत्येक पोराच्या खिशात कॅमेरा असलेला मोबाईल आहे, तिथे चित्रपट न निघण्याला पैसा हे कारण होऊ शकत नाही.

कथा काय घ्यावी, तेही सुचवून ठेवतो. एक रिठी गाव घ्या. मे महिना, ४७ अंश ऊन. जगाचे काय झाले कोणाला माहीत नाही. वेगवेगळ्या दिशांनी पाच माणसे तिथे येऊन पोहोचतात. गावात एकच विहीर आहे आणि तिला पाणी आहे. दोर एकच, बादली एकच. आता पाणी कोण काढणार आणि कोणाला वरून ओतले जाणार? बस्स, एवढेच. झोंबी नको, बॉम्ब नको, परग्रहवासी नको. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर जो प्रश्न बाबासाहेबांनी जगापुढे ठेवला, तोच प्रश्न जग संपल्यानंतर त्या विहिरीवर उभा राहील. तिथे तहसीलदार नसेल, ठाणेदार नसेल, आमच्यासारखा वकीलही नसेल. पाच जणांनाच निकाल द्यावा लागेल.

मात्र दोन अटी आहेत. पहिली अट, आपला माणूस सोशिक करून मारू नका. तो चुकू द्या, चिडू द्या, भांडू द्या, पण शेवटच्या चौकटीत तो जिवंत असू द्या. दुसरी अट, जंगल रिकामे दाखवू नका. पाच जण विहिरीवर भांडत असताना लांबवर कोणाच्या तरी घरचा धूर दिसू द्या. त्यांना कळू द्या की आपण शेवटचे नाही आणि पहिलेही नाही. जे येथे आधीपासून आहेत, त्यांना विचारल्याशिवाय नवे जग सुरू होत नाही.

हे आम्ही केवळ चित्रपटाच्या हौसेने लिहीत नाही. बंधुता ही कलमात लिहून ठेवता येते, पण ती सवयीत यावी लागते. सवय कायद्याने कमी आणि गोष्टीने जास्त लागते. ज्या समाजाच्या गोष्टीत पाचवा माणूस नेहमी मरतो, त्या समाजाला तो खऱ्या आयुष्यात मेला तरी धक्का बसत नाही. म्हणून शिपाई आहे, कोर्ट आहे, संविधान आहे, तोवरच ही सवय लावण्याचे काम झाले पाहिजे. जग संपल्यावर वेळ मिळणार नाही, हे तर या साऱ्या चित्रपटांनी सांगूनच ठेवले आहे.

जयभीम!